स्वयंचलित गिअरबॉक्स तेल

स्वयंचलित गिअरबॉक्स तेल हे स्वयंचलित गिअरबॉक्स असलेल्या मोटारगाड्यांत वापरले जाणारे विशेष प्रकारचे तेल आहे. एटीएफ या संक्षिप्त नावाने ते अधिक परिचित आहे. इंजिन ऑईलचे मुख्य काम वंगणाचे असते. एटीएफ मात्र वंगणासोबत इंजिनाची शक्ती पुढे पोहोचवणे, दाबाच्या साहाय्याने गिअर बदलणे, उष्णता वाहून नेणे आणि क्लच प्लेटींमधील घर्षण नियंत्रित करणे अशी कामेही करते. त्यामुळे या तेलाची निवड चुकली, पातळी कमी-अधिक झाली किंवा तेल जळाले, तर केवळ झीज वाढत नाही, तर गिअरबॉक्सचे कार्यच बिघडते. स्वयंचलित गिअरबॉक्सची दुरुस्ती ही मोटारगाडीच्या सर्वांत खर्चिक दुरुस्त्यांपैकी एक असल्याने या तेलाच्या देखभालीला विशेष महत्त्व आहे.

भारतात ‘ऑटोमॅटिक’ या एकाच नावाखाली रचनेने अगदी भिन्न असे किमान चार प्रकारचे गिअरबॉक्स विकले जातात. प्रत्येकाचे तेल, तपासणीची पद्धत आणि बदलण्याचा कालावधी वेगळा असतो. म्हणून गाडीत नेमका कोणता गिअरबॉक्स आहे हे ओळखणे ही देखभालीची पहिली पायरी ठरते.

नाव आणि व्याप्ती

एटीएफ ही संज्ञा काटेकोर अर्थाने टॉर्क कन्व्हर्टर व ग्रहीय गिअर संच असलेल्या पारंपरिक स्वयंचलित गिअरबॉक्सच्या तेलासाठी वापरली जाते. व्यवहारात मात्र सीव्हीटी आणि दुहेरी क्लच या प्रकारांतील तेलांनाही सरसकट हेच नाव दिले जाते. मूळ एटीएफला लाल रंग दिलेला असल्यामुळे गॅरेजमध्ये त्याला ‘लाल ऑईल’ असेही म्हणतात.

अनेक मोटारींच्या आणि ट्रॅक्टरांच्या हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमध्येही लाल एटीएफ वापरले जाते. त्यामुळे ज्या गावांत स्वयंचलित गाड्या मोजक्याच आहेत तेथेही स्पेअर पार्टच्या दुकानात लाल तेलाचा डबा मिळतो. रंग सारखा असला तरी हे तेल प्रत्येक स्वयंचलित गिअरबॉक्सला चालतेच असे नाही. रंग हा तेलाचा गुणधर्म नसून ओळखीसाठी मिसळलेली खूण आहे. काही उत्पादकांची तेले पिवळसर, हिरवी किंवा निळी असतात.

कार्य

शक्तीचे वहन: पारंपरिक स्वयंचलित गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये पायाने दाबायचा क्लच नसतो. त्याजागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात इंजिनाने फिरणारे पंपचक्र तेलाला गती देते आणि ते तेल समोरच्या टर्बाइनवर आदळून तिला फिरवते. दोन्ही चक्रांमध्ये तेलाखेरीज यांत्रिक जोडणी नसल्याने ब्रेक दाबून गाडी उभी असतानाही इंजिन बंद पडत नाही. ठरावीक वेगानंतर लॉक-अप क्लच दोन्ही बाजू थेट जोडतो आणि तेलातील घसरण थांबते.

दाबाचे वहन: गिअरबॉक्समधील पंप तेलाला दाब देतो. झडपांच्या पेटीतून हा दाब आवश्यक त्या क्लचकडे वळवला जातो आणि गिअर बदलतो. या झडपपेटीला गॅरेजच्या भाषेत व्हॉल्व्ह बॉडी म्हणतात. तेलात हवेचे बुडबुडे मिसळले तर हवा दाबली जाते, पुरेसा दाब निर्माण होत नाही आणि क्लच घसरू लागतो.

घर्षणाचे नियंत्रण: गिअर बदलणाऱ्या क्लच प्लेटी तेलात बुडालेल्या असतात. या प्लेटींनी एकमेकींना घट्ट पकडावे, पण ती पकड धक्का न देता यावी, अशा दोन परस्परविरोधी अपेक्षा तेलाकडून असतात. तेलातील घर्षण-नियंत्रक द्रव्यांचे प्रमाण त्या विशिष्ट गिअरबॉक्ससाठी ठरवलेले असते. चुकीच्या तेलाने गाडी लगेच बंद पडत नाही, मात्र गिअर बदलताना धक्के, थरथर किंवा घसरण सुरू होते. याचे मूळ बहुधा येथेच असते.

शीतन आणि वंगण: घर्षणाने व टॉर्क कन्व्हर्टरमधील घसरणीने निर्माण झालेली उष्णता तेल शोषून घेते आणि रेडिएटरमध्ये बसवलेल्या किंवा स्वतंत्र कूलरमध्ये सोडते. गिअर, बेअरिंग व शाफ्ट यांचे वंगण, झिजलेले सूक्ष्म कण फिल्टरपर्यंत नेणे आणि रबरी सील मऊ राखणे ही कामेही तेच करते.

घटक व गुणधर्म

एटीएफ खनिज किंवा संश्लेषित मूळ तेलापासून बनवतात. त्यात घर्षण-नियंत्रक, झीजरोधक, ऑक्सिडीभवनरोधक, फेसरोधक, गंजरोधक, मळ विखुरणारी आणि सील फुगलेले राखणारी द्रव्ये मिसळलेली असतात. यांपैकी काही द्रव्ये वापराबरोबर खर्ची पडतात. म्हणून तेलाची पातळी बरोबर असूनही त्याची उपयुक्तता संपलेली असू शकते.

श्यानता, म्हणजे तेलाचा दाटपणा, हा दुसरा निर्णायक गुण आहे. जुन्या पिढीतील डेक्सरॉन-३ तेलाची श्यानता १०० अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे ७ ते ७.५ सेंटीस्टोक होती. डेक्सरॉन-६ मध्ये ती सुमारे ६ सेंटीस्टोकवर आणली गेली. पातळ तेलाने अंतर्गत ओढ कमी होऊन इंधन वाचते. मात्र पातळ तेलासाठी आखलेल्या गिअरबॉक्समध्ये दाट तेल किंवा उलट वापरल्यास झडपपेटीतील दाबाची गणिते बिघडतात.

तेलाचा सर्वांत मोठा शत्रू उष्णता आहे. नेहमीच्या प्रवासात तेलाचे तापमान साधारणतः ८० ते ९५ अंश सेल्सिअस असते. त्यापुढे दर १० अंश वाढीला तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ अंदाज अभियंते वापरतात. अतितप्त तेलाचे ऑक्सिडीभवन होऊन त्यात वार्निशसारखा चिकट थर तयार होतो. तो झडपांच्या बारीक मार्गांत बसतो आणि झडपा अडकू लागतात.

इतिहास

द्रवाच्या माध्यमातून शक्तीचे वहन करण्याची कल्पना जर्मन अभियंते हेर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये पेटंटबद्ध केली. तिचा मूळ उद्देश जहाजांच्या टर्बाइनचा वेग पंख्याला मानवेल एवढा कमी करणे हा होता. मोटारीत ही कल्पना मोठ्या प्रमाणावर आली ती जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक गिअरबॉक्समुळे. हा गिअरबॉक्स १९३९ मध्ये, १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी सादर झाला. त्यात द्रव-जोड आणि ग्रहीय गिअर संच होते. १९४८ च्या ब्यूक डायनाफ्लोपासून अमेरिकी गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टरचा प्रसार सुरू झाला.

१९४९ मध्ये जनरल मोटर्सने ‘टाइप ए’ हे या तेलाचे मानक जाहीर केले. त्यामुळे विविध तेल कंपन्यांना एकाच कसोटीवर उतरणारे तेल बनवता येऊ लागले. १९५७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आणि १९६७ मध्ये डेक्सरॉन मानक आले. या काळात घर्षण-नियंत्रक म्हणून स्पर्म व्हेल या देवमाशाच्या तेलाचा वापर होत असे. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत या तेलाचा वापर कायद्याने थांबला आणि तेल कंपन्यांना पर्यायी रासायनिक द्रव्ये शोधावी लागली. डेक्सरॉन-२ हे मानक याच संक्रमणकाळातील आहे.

फोर्डने १९६० च्या दशकात ‘टाइप एफ’ हे वेगळे मानक स्वीकारले. त्यात घर्षण-नियंत्रक द्रव्ये नव्हती, त्यामुळे प्लेटींची पकड झटकन बसे. डेक्सरॉनचा स्वभाव याच्या उलट होता. दोन्ही तेले लाल असूनही एकमेकांना पर्याय ठरत नव्हती. ‘लाल म्हणजे एकच’ हा समज त्या काळापासूनच चुकीचा होता. पुढे टोयोटा, होंडा, निसान, क्रायसलर, झेडएफ आदींनी आपापली मानके आणली आणि आज बाजारात अशी अनेक मानके आहेत.

भारतात १९९० च्या दशकात मारुती झेन व एस्टीम यांच्या स्वयंचलित आवृत्त्या उपलब्ध होत्या. तरीही जास्त किंमत, इंधनाचा अधिक खप आणि दुरुस्तीची भीती यांमुळे हा प्रकार दीर्घकाळ मर्यादित राहिला. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुती सुझुकी सेलेरिओ एएमटी गिअरबॉक्ससह बाजारात आली. त्यानंतर कमी किमतीच्या गाड्यांतही क्लचच्या पेडलशिवाय चालणारा गिअरबॉक्स सर्वसामान्य झाला.

गिअरबॉक्सचे प्रकार आणि त्यांची तेले

टॉर्क कन्व्हर्टर: खऱ्या अर्थाने एटीएफ वापरणारा हा प्रकार आहे. तेलाचे एकूण प्रमाण मॉडेलनुसार साधारण ६ ते १० लिटर असते. महिंद्रा थार व एक्सयूव्ही७०० यांच्या स्वयंचलित आवृत्त्यांत सहा गतींचा असा गिअरबॉक्स आहे.

सीव्हीटी: यात ठरावीक गिअर नसतात. दोन पुलींमधील पोलादी पट्टा पुलींची रुंदी बदलेल तसा वर-खाली सरकतो. पट्टा आणि पुली यांची धातूवर धातू अशी पकड टिकवणारे खास तेल त्यात लागते. होंडाचे एचसीएफ-२ व निसानचे एनएस-३ ही अशा तेलांची उदाहरणे आहेत. सीव्हीटीत साधे एटीएफ घातल्यास पट्टा घसरून पुलींवर चरे पडू शकतात.

दुहेरी क्लच: यात सम व विषम गिअरांसाठी दोन स्वतंत्र क्लच असतात. ओल्या प्रकारात क्लच तेलात बुडालेले असतात, तर कोरड्या प्रकारात ते तेलाबाहेर असतात. फोक्सवॅगन समूहाच्या सहा गतींच्या ओल्या डीएसजीमध्ये दर ६०,००० किलोमीटरला तेल व फिल्टर बदलणे विहित आहे. त्याच समूहाच्या सात गतींच्या कोरड्या डीएसजीमध्ये गिअरांचे तेल आणि नियंत्रण यंत्रणेचे हायड्रॉलिक तेल वेगवेगळे असते.

एएमटी: हा मूलतः हाताने गिअर बदलण्याचाच गिअरबॉक्स असतो. क्लच दाबणे आणि गिअर टाकणे ही कामे चालकाऐवजी संगणकनियंत्रित यंत्रणा करते. यात टॉर्क कन्व्हर्टर नसतो आणि गिअरबॉक्समध्ये नेहमीचे गिअर ऑईल असते. इलेक्ट्रो-हायड्रॉलिक यंत्रणेच्या छोट्या टाकीत वेगळे हायड्रॉलिक तेल असते. एएमटीच्या गिअरबॉक्समध्ये एटीएफ भरणे ही ‘ऑटोमॅटिक’ या शब्दावर विसंबल्याने होणारी चूक आहे.

विद्युत मोटारींत बहुधा एकाच गतीचा गिअर संच असतो. त्यातही तेल असते, परंतु त्याचे मानक व बदलाचा काळ उत्पादक स्वतंत्रपणे ठरवतो.

एकाच कारखान्यातून किती भिन्न प्रकार बाहेर पडतात याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातच आढळते. शिरूर तालुक्यातील रांजणगाव औद्योगिक वसाहतीत टाटा मोटर्स व फियाट यांच्या संयुक्त कंपनीचा प्रकल्प आहे. तेथे २०१७ पासून तयार झालेल्या जीप कंपासच्या पेट्रोल आवृत्तीत सात गतींचा कोरडा दुहेरी क्लच होता. डिझेल आवृत्तीत पुढे नऊ गतींचा टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्स आला. याच प्रकल्पात तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनला २०१८ मध्ये एएमटी मिळाली. चाकण येथे तयार होणाऱ्या स्कोडा कुशाकमध्येही १.० लिटर इंजिनाला टॉर्क कन्व्हर्टर आणि १.५ लिटर इंजिनाला सात गतींचा कोरडा डीएसजी जोडलेला आहे. त्यामुळे केवळ गाडीचे नाव सांगून तेल मागणे पुरेसे नसते. इंजिन, निर्मितीचे वर्ष आणि चासी क्रमांक यांवरून तेलाचे मानक निश्चित करावे लागते.

पातळीची तपासणी

तपासणीची नेमकी पद्धत गाडीच्या मालक-पुस्तिकेत किंवा वर्कशॉप पुस्तिकेत दिलेली असते आणि तीच अंतिम मानावी. तेल तापले की प्रसरण पावते. त्यामुळे थंड व गरम तेलाच्या पातळीत स्पष्ट फरक पडतो. कोणत्या तापमानाला मोजायचे हे ठाऊक नसेल, तर मिळालेल्या मापाला अर्थ राहत नाही.

पट्टी असलेल्या गाड्या

जुन्या आणि काही नव्या गाड्यांत इंजिन ऑईलप्रमाणेच गिअरबॉक्सच्या तेलाची स्वतंत्र पट्टी असते. सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो:

१. गाडी १५ ते २० मिनिटे चालवून तेल नेहमीच्या तापमानाला आणावे.
२. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा.
३. ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा पी, आर, एन, डी अशा प्रत्येक स्थानी काही सेकंद थांबवत फिरवावा, म्हणजे सर्व मार्गांत तेल भरते. नंतर दांडा पुन्हा पी मध्ये आणावा.
४. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून मोजमाप करतात. काही उत्पादक दांडा एन मध्ये ठेवण्यास सांगतात. होंडाच्या अनेक मॉडेलांत इंजिन बंद करून लगेच, साधारण दीड मिनिटाच्या आत मोजावे लागते.
५. पट्टी बाहेर काढून धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कापडाने पुसावी, पूर्ण आत घालावी आणि पुन्हा काढून पाहावी.
६. तेल गरम असल्यास पातळी ‘हॉट’ या खुणांच्या दरम्यान असावी. ‘कोल्ड’ ही खूण केवळ प्राथमिक अंदाजासाठी असते.

इंजिन चालू असताना काम करताना सैल बाह्या, ओढणी, साखळी इत्यादी वस्तू पंखा व पट्ट्यांपासून दूर ठेवाव्या लागतात. तेल कमी असल्यास पट्टीच्या नळीतून फनेलने थोडे थोडे घालून पुन्हा मोजतात. एकदम एक लिटर ओतल्यास पातळी वरच्या खुणेच्या पलीकडे जाण्याची शक्यता असते आणि जास्तीचे तेल काढणे हे घालण्यापेक्षा कठीण असते.

पट्टी नसलेल्या गाड्या

अलीकडील बहुतांश गाड्यांत पट्टी नसते. गिअरबॉक्सच्या तळाशी किंवा बाजूस तपासणीचा बोल्ट असतो. गाडी लिफ्टवर चारही बाजूंनी समतल उचलतात, निदान-यंत्र जोडून तेलाचे तापमान पाहतात आणि विहित तापमानाला इंजिन चालू ठेवून तो बोल्ट काढतात. अनेक मॉडेलांत हे तापमान ३५ ते ५० अंशांच्या दरम्यान असते. तेलाची धार बारीक होऊन थेंब थेंब पडू लागली, तर पातळी बरोबर आहे असे समजतात. काहीच न आल्यास तेल कमी असते.

हे काम केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरून करणे जिवावर बेतू शकते. गाडी तिरकी राहिल्यास मापही चुकते. शिवाय तपासणीचा बोल्ट आणि तेल काढण्याचा बोल्ट शेजारीशेजारी असल्यास चुकीचा बोल्ट उघडला जाऊन सर्व तेल सांडण्याचा धोका असतो. त्यामुळे अशा गाड्यांत मालकाने गळतीची खूण, गिअर बदलण्याची पद्धत आणि देखभालीच्या नोंदी यांवर लक्ष ठेवणे आणि पातळीची तपासणी सुसज्ज वर्कशॉपमध्ये करून घेणे योग्य ठरते.

कमी आणि जास्त पातळीचे परिणाम

पातळी कमी असल्यास वळणावर किंवा चढावर पंप तेलाऐवजी हवा ओढतो. दांडा डी मध्ये टाकल्यावर गाडी उशिरा उचलते, इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही आणि तेल तापत जाते. पातळी जास्त असल्यास फिरणारे गिअर तेल घुसळतात, त्याचा फेस होतो आणि हवा मिसळल्याने पुन्हा घसरणीचीच लक्षणे दिसतात. जास्तीचे तेल हवा जाण्याच्या छिद्रातून बाहेरही येते. त्यामुळे लक्षण पाहून तेल ओतत जाणे हा उपाय नव्हे. गिअरबॉक्स ही बंद यंत्रणा आहे आणि तिच्यात इंजिनाप्रमाणे तेल जळून कमी होत नाही. पातळी उतरली असेल तर कुठेतरी गळती आहे, असाच निष्कर्ष निघतो.

तेलाच्या स्थितीवरून निदान

पट्टीवरील किंवा काढलेल्या तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकून रंग, वास व कण तपासतात.

• स्वच्छ लाल व पारदर्शक: तेल चांगल्या स्थितीत आहे.
• तपकिरी: तेल जुने झाले आहे. काही तेले थोड्या वापरानंतरच काळवंडतात, म्हणून केवळ रंगावरून निर्णय घेत नाहीत.
• काळे, जळका वास: तेल अतितप्त झाले आहे आणि क्लच प्लेटींचे अस्तर जळू लागले असण्याची शक्यता आहे.
• गुलाबी, दुधाळ: तेलात पाणी किंवा कूलंट मिसळले आहे. रेडिएटरमधील तेलाचा कूलर आतून फुटणे किंवा गाडी पुराच्या पाण्यात बुडणे ही त्याची सामान्य कारणे आहेत. कूलंटमुळे प्लेटींवरील अस्तराचा डिंक सुटतो. अशी गाडी चालवत वर्कशॉपला नेऊ नये.
• फेसाळ: पातळी जास्त आहे किंवा पंप हवा ओढत आहे.

तळाच्या चेंबरमध्ये एक-दोन चुंबक असतात. त्यांवर साचणारा करडा मऊ लगदा नेहमीच्या झिजेचा असतो. हाताला लागणारे धातूचे तुकडे किंवा चकचकीत कण मात्र आतील भाग तुटल्याचे लक्षण मानतात.

गाडीखाली पडलेल्या डागावरूनही प्राथमिक निदान करता येते. लाल किंवा तांबूस व तेलकट डाग एटीएफचा असतो. मधाच्या रंगाचा ते काळा डाग इंजिन ऑईलचा, तर हिरवा, निळा वा गुलाबी व पाण्यासारखा पातळ डाग कूलंटचा असतो. वातानुकूलन यंत्रणेतून पडणारे स्वच्छ पाणी ही गळती नव्हे.

तेल बदलणे

कालावधी

काही उत्पादक गिअरबॉक्सचे तेल ‘आयुष्यभरासाठी’ भरलेले असल्याचे सांगतात आणि पुस्तिकेत बदलाचा काळ देत नाहीत. या शब्दाचा अर्थ नेहमीच्या वापरातील अपेक्षित सेवाकाळ असा असतो. गाडी जितकी वर्षे चालेल तितकी वर्षे, असा तो नसतो. अनेक कंपन्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही कंपनी स्वतः आपल्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षे यांच्या दरम्यान बदलण्याची शिफारस करते. बहुतेक पुस्तिकांत ओझे ओढणे, डोंगराळ रस्ते, सततची रहदारी आणि उष्ण हवामान यांचा उल्लेख ‘कठीण वापर’ असा असतो आणि त्यासाठी कमी अंतर दिलेले असते. पाच वर्षांनंतर दुसऱ्या मालकाकडे गेलेल्या गाडीच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा ठरतो. पहिल्या मालकाचा वॉरंटीचा काळ बिनतक्रार गेलेला असतो आणि न बदललेल्या तेलाचे परिणाम दुसऱ्याच्या वाट्याला येतात.

पद्धती

तळाचा बोल्ट उघडून तेल काढल्यास सर्व तेल निघत नाही. टॉर्क कन्व्हर्टर, कूलर व नळ्यांत बराच भाग शिल्लक राहतो आणि अनेक गाड्यांत एका वेळी सुमारे निम्मेच तेल बाहेर येते. ८ लिटर क्षमतेतून दर वेळी ४ लिटर बदलले, तर पहिल्या बदलानंतर ५० टक्के, दुसऱ्यानंतर ७५ टक्के आणि तिसऱ्यानंतर ८७.५ टक्के तेल नवे असते. म्हणून काही वर्कशॉप थोड्या अंतराने दोन-तीन वेळा बदल करण्याचा सल्ला देतात. काढलेले तेल मापात मोजून तेवढेच नवे तेल भरणे आणि नंतर विहित तापमानाला पातळी निश्चित करणे हा नेहमीचा क्रम आहे. चेंबर उघडल्यास फिल्टर व पॅकिंगही बदलतात.

यंत्राच्या साहाय्याने कूलरच्या नळीतून जुने तेल बाहेर ढकलून जवळजवळ सर्व तेल एकाच वेळी बदलता येते. नियमित देखभाल झालेल्या गाडीत ही पद्धत सोयीची असते. दीर्घकाळ दुर्लक्षित गिअरबॉक्समध्ये मात्र नव्या तेलातील मळ सोडवणाऱ्या द्रव्यांमुळे साचलेला गाळ सुटून झडपांत अडकण्याचा धोका काही तंत्रज्ञ सांगतात. जळालेल्या प्लेटी नव्या तेलाने दुरुस्त होत नाहीत, हे दोन्ही पद्धतींना लागू आहे. घसरण सुरू झाल्यानंतर केलेला तेलबदल हा उपचार नसतो.

तेलाची निवड

डब्यावरील ‘सर्व गाड्यांसाठी’ हा दावा आणि उत्पादकाने दिलेली मान्यता यांत फरक असतो. डब्यावर पुस्तिकेतील मानकाचे नाव स्पष्ट असणे आवश्यक आहे. वॉरंटीच्या काळात वेगळे तेल वापरल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. बनावट डब्यांचा धोका लक्षात घेता अधिकृत विक्रेत्याची पावती आणि सीलबंद डबा यांचा आग्रह धरतात. तेलाचे मानक, प्रमाण, दिनांक व किलोमीटर यांची नोंद ठेवल्यास पुढील तपासणी सोपी होते.

महाराष्ट्रातील वापराची परिस्थिती

महाराष्ट्रातील हवामान व रस्ते ‘कठीण वापर’ या व्याख्येत अनेकदा बसतात. पुणे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ वरील दौंड तालुक्यातील कासुर्डी, यवत या पट्ट्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. मोकळ्या महामार्गावर एकसमान वेगात लॉक-अप क्लच जोडलेला असल्याने तेल फारसे तापत नाही. परंतु ऊस गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे किंवा पुणे शहराच्या प्रवेशद्वारावरील कोंडीत गाडी सतत थांबत-सरकत राहते. तेव्हा टॉर्क कन्व्हर्टर मुक्त असतो आणि घसरणीची सारी उष्णता तेलात जाते. दुहेरी क्लच व एएमटी प्रकारांत अशा वेळी मुख्यतः क्लचची झीज वाढते. पुढच्या गाडीमागे इंच इंच सरकण्याऐवजी पुरेसे अंतर मोकळे होऊ देऊन पुढे जाणे सर्वच प्रकारांना हितकारक असते. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणे टाळावे लागते.

दिवे घाट, खंबाटकी घाट आणि बोरघाट यांसारख्या चढांवर भरलेली गाडी कमी वेगात नेताना तेलाचे तापमान सर्वाधिक वाढते. उतारावर दांडा एन मध्ये टाकून गाडी सोडल्याने इंजिनाचा अवरोध मिळत नाही आणि सर्व भार ब्रेकवर येतो. इंधन वाचेल या समजुतीने केली जाणारी ही कृती धोकादायक आहे. एल, एस किंवा हाताने गिअर निवडण्याच्या स्थितीत खालचा गिअर ठेवणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

बंद पडलेली स्वयंचलित गाडी दोरीने किंवा सळईने ओढून नेण्याची पद्धतही नुकसानकारक ठरते. पारंपरिक गिअरबॉक्समधील तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरत राहिली, तर आतील भाग वंगणाविना फिरतात. म्हणून अशी गाडी सपाट तळाच्या वाहनावर चढवून नेतात किंवा चालक चाके जमिनीपासून उचलतात. पुस्तिकेत ओढण्याची परवानगी असल्यास वेग आणि अंतर यांची मर्यादा दिलेली असते. गिअरबॉक्स पाण्याखाली गेलेली गाडी तेलाची तपासणी केल्याशिवाय सुरू करत नाहीत, कारण पाणी हवा जाण्याच्या छिद्रातून आत शिरलेले असू शकते.

वापरलेल्या तेलाची विल्हेवाट

वापरलेले एटीएफ भारतात धोकादायक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६ यांच्या कक्षेत येते. ते गटारात, शेतात किंवा विहिरीजवळ ओतल्यास माती व पाणी दूषित होते. भीमा व मुळा-मुठा खोऱ्यांतील कालव्यांवर व विहिरींवर अवलंबून असलेल्या बागायती भागात हा धोका विशेष आहे. लाकडाला किंवा गोठ्याच्या कुडाला लावण्यासाठी जुने तेल वापरण्याची पद्धतही आरोग्याच्या दृष्टीने अयोग्य आहे. काढलेले तेल झाकणाच्या डब्यात, पाणी व पेट्रोल मिसळू न देता साठवून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जमा करणाऱ्या वर्कशॉपला द्यावे लागते. २०२३ मधील दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची विस्तारित जबाबदारी मूळ तेलाच्या उत्पादकांवर टाकण्यात आली आहे.

ताजे किंवा जुने तेल त्वचेला दीर्घकाळ लागू देऊ नये. काम करताना हातमोजे व चष्मा वापरतात. प्रवासानंतर लगेच काढलेले तेल त्वचा भाजण्याइतके गरम असते. डबे मुलांच्या आणि जनावरांच्या आवाक्याबाहेर ठेवले जातात.

हेही पाहा

• गिअरबॉक्स
• टॉर्क कन्व्हर्टर
• क्लच
• वंगण
• रांजणगाव औद्योगिक वसाहत
• राष्ट्रीय महामार्ग ६५